टिक कोण काढतं

६ मे, मंगळवार

ही वही पुरावा म्हणून. कोणी वाचायची नाही. वाचणारी संपदाताई असेल तर, ताई, तुझ्या चार्जरची वायर मांजराने नाही मी तोडली. आता गुपचूप ठेव खाली.

पुरावा अशासाठी की क्लासमध्ये काही बिघडलं की सगळ्यांची मान पहिली माझ्याकडे वळते. चूक माझीच आहे. दोन वर्षांपूर्वी मी इथे शिकायला होतो तेव्हा बाराच्या बारा कॉम्प्युटरचे स्क्रीन उलटे करून ठेवले होते. 'हर्षवर्धन सर' टाइप केलं की आपोआप 'टकलू' उमटायचं, तेही माझंच. सर एवढे चिडले की मला कामालाच ठेवलं. म्हणाले, बाहेर राहून त्रास देण्यापेक्षा आत राहून दे.

तर आमचा क्लास फुलपाड्यात, मेडिकलच्या वर. आधी सरांच्या वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. माझ्या उद्योगांमुळे सरांनी प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात अजून एक खोटा कॉम्प्युटर बसवलाय. म्हणजे खऱ्या स्क्रीनवर एक खिडकी उघडायची, त्या खिडकीत दुसरा अख्खा कॉम्प्युटर चालतो. पोरांनी काय घाण करायची ती त्या आतल्यात. संध्याकाळी आतला बंद करायचा, 'कोरी पाटी' नावाने सेव्ह करून ठेवलंय त्याच्यावर क्लिक करायचं, की तो परत पहिल्या दिवसासारखा. ह्याला आम्ही मागे नेणं म्हणतो. हे काम माझं. माझ्यामुळे नियम झाला आणि पाळतो पण मीच.

आता अ‍ॅडमिशनचा सीझन. दाराजवळच्या एक नंबर मशीनवर सरांनी रविवारी बसून आत नवीन शोबाजी टाकली. खिडकी ओढली की जेलीसारखी हलते, अख्खा डेस्कटॉप ठोकळ्यासारखा गोल फिरतो. आईबापांना दाखवायला. समोरच्या क्लासकडे एसी आहे, आपल्याकडे जेली.

पण आज दाखवायला घेतलं तर खिडकी ओढल्यावर पाच सेकंद विचार करते, मग मेल्यासारखी घसरते. एक काका म्हणाले, "सर, हिला पण ऊन लागलंय काय." आणि हसत जिना उतरले. समोरच्या क्लासचा जिना चढले. मी खिडकीतून पाहिलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आईशप्पथ मी नाही. म्हणाले, "तुझ्या आईला बिचारीला किती वेळा मधे आणतोस."

म्हणून वही.

७ मे, बुधवार

शोधलं. दुपारी दोन तास यूट्यूब, मग कुठल्या कुठल्या लोकांच्या भांडणात घुसून वाचलं. आत एक कमांड मारली की कळतं चित्र कोण काढतंय. आमच्याकडे एक लांबलचक नाव आलं. सर म्हणाले, ह्याचा अर्थ ग्राफिक्स कार्ड झोपलंय आणि सगळी चित्रं बिचारा प्रोसेसर हाताने काढतोय.

इलाज सोपा निघाला. आतलं मशीन बंद करायचं, बाहेर त्याच्या सेटिंगमध्ये जायचं, थ्रीडीच्या चौकोनात टिक करायची, व्हिडिओ मेमरी सोळावरून एकशे अठ्ठावीस. चालू केलं. खिडकी अशी हलली की मी अर्धा तास नुसती हलवत बसलो. सरांनी पाठीवर थाप मारली. पहिल्यांदा.

संध्याकाळी बारा मशीनं मागे नेली, पंखे बंद, कुलूप, पावणेआठला निघालो.

८ मे, गुरुवार

परत स्लो.

सेटिंग उघडलं तर टिक गायब. मेमरी परत सोळा.

टिक स्वतःहून निघत नाही. कोणीतरी बसून, मशीन बंद ठेवून, सेटिंगमध्ये जाऊन काढली. परत केली. सरांना सांगितलं तर म्हणाले, "हं." त्या हं मध्ये काय होतं ते मला कळतं.

संध्याकाळी मागे नेलं, कुलूप, आठला दहा कमी.

९ मे, शुक्रवार

परत गायब.

आता डोकं लावतो. चाव्या तिघांकडे. सर, मी आणि रोझलिन मॅडम. मॅडम टायपिंगवाल्या, एकोणीस वर्षं इथे आहेत, सरांच्या वडिलांच्या वेळच्या. त्या वसईच्या पाचूबंदरहून येतात आणि सकाळी सातची बॅच उघडतात. मी साडेनवाला येतो. म्हणजे रात्री मी जातो ते सकाळी मी येतो, ह्याच्यामध्ये क्लासमध्ये कोण असतं? एकच माणूस.

पण मॅडम माऊस असा धरतात, जसा काही तो चावेल. त्यांना सेटिंग कुठे सापडणार? की येत नाही हे नाटक आहे? एकोणीस वर्षं कोणी कॉम्प्युटरच्या शेजारी बसून अडाणी राहील का?

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "पुढच्या शुक्रवारपर्यंत मला सांग कोण करतं. नाहीतर मी समजतो तू. आणि मग ही तुझी शेवटची गंमत."

घरी सांगितलं नाही. आई आत्ताच कुठे शेजारणीला सांगायला लागलीय, आमचा विघ्नेश कॉम्प्युटरमध्ये आहे.

टिक केली. संध्याकाळी मागे नेलं आणि निघालो. कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

१२ मे, सोमवार

ही गंमत बघा.

शनिवारी सकाळी नेहमीसारखी टिक गेलेली, मी परत केली. तीन वाजता कामणला चुलतभावाच्या हळदीला पळालो. मॅडमना थांबायला सांगितलं होतं, सहाला त्यांनी बंद केलं. रविवार सुट्टी. आज येतो तर टिक जागेवर. मेमरी एकशे अठ्ठावीस. दिवसभर जेली.

म्हणजे काय? मी नव्हतो त्या दिवशी चोराने हात लावला नाही. कारण मी नसताना गेली असती तर माझ्यावर आळ आला नसता. चोर हुशार आहे. चोराला मला उडवायचंय.

आणि शनिवारी शेवटी कुलूप कोणी लावलं? मॅडमनी. मॅडमना माहीत होतं मी हळदीला आहे.

मॅडमना विचारलं, शनिवारी जाताना काय काय केलं. म्हणाल्या, "बटनं बंद केली, पंके बंद केले, कुलूप लावलं. अजून काय करनार? तुझं ते मागं न्यायचं मला येत नाय, तसंच ठेवलं. का रे?"

काही नाही म्हटलं. डोळ्यात बघून उत्तर दिलं त्यांनी. सराईत माणूस असाच बघतो.

संध्याकाळी शनिवारचं राहिलेलं पण साफ केलं, सगळं मागे नेलं.

१३ मे, मंगळवार

टिक गायब. मी आलो की खेळ चालू.

आज मुद्दाम साडेसहाला गेलो, मेडिकलच्या पायरीवर बसलो. सात वाजता मॅडम वर गेल्या. मी दहा मिनिटांनी चपला हातात घेऊन. दारातून पाहिलं तर मॅडम एक नंबर मशीनसमोर उभ्या. एक हात टेबलावर घट्ट, डोळे मिटलेले. मग त्यांनी टायपिंग मशीनवर टाकायचा जुना टॉवेल मॉनिटरवर टाकला आणि भिंतीला धरून आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. पिशवीतून लिंबू काढून हुंगलं.

मी आत गेलो. दचकल्या.

"मॅडम, टॉवेल कशाला?"

"अरे, ते गोल फिरतं ना. चालू केलं का आपोआप फिरायला लागतं, माझ्या टेबलावरनं सरळ समोर दिसतं. होडीत बसवल्यावानी होतं मला. माझे बाबा तांडेल, होडी हाकायचे, अख्खं गाव होडीवर, आनि मी किनाऱ्यावर उभी राहून उलट्या करायची. सगळी हसायची." मग हळू म्हणाल्या, "हर्षूला सांगू नको. आधीच म्हणतो, टायपिंगला पोरं येत नाय. म्हातारी चक्कर येऊन पडते म्हटलं तर बसवेल घरी."

मी मान हलवली. पण मनात लिहून घेतलं. हिला जेली नकोय. कारण मिळालं.

वर अजून एक. ह्यांचा भाचा एल्रॉय समोरच्या एसीवाल्या क्लासमध्ये शिकवतो. हे मला आज पानवाल्याकडून कळलं. सरांना माहीत असेल का?

मागे नेऊन निघालो.

१४ मे, बुधवार

आजही गायब. परत केली.

सापळा लावला. कोपऱ्यात शेवटचा टाइपरायटर आहे, झाकलेला. त्याची रिबीन काढली, तेलात चोळली आणि निघताना एक नंबरच्या माऊसला खालून आणि बाजूने लावली. काळ्या माऊसवर काळी शाई, दिसणार नाही. उद्या ज्याची बोटं काळी तो चोर. हे मी शाळेत पीटीच्या सरांच्या शिट्टीला केलं होतं. तेव्हा ओठ निळे झाले होते.

शाई लावायच्या आधी सगळं मागे नेलं, नाहीतर माझीच बोटं. मी काय येडा आहे का.

म्हातारी उद्या सापडते.

१५ मे, गुरुवार

सापडल्या.

मी आणि सर एकत्रच वर गेलो, मीच थांबवलं होतं त्यांना खाली. टिक गायब. मी म्हटलं, मॅडम, हात दाखवा. उजव्या हाताची तीन बोटं काळी.

मॅडम म्हणाल्या, "मी माऊस बाजूला केला आनि टॉवेल टाकला. बस. त्याच्या आतलं मला काय कळतं?"

सर म्हणाले, "टॉवेल कशाला?"

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघितलं. मग मीच सांगितलं, चक्कर आणि लिंबू आणि भाचा, सगळं. पुरावा म्हणजे पूर्ण द्यायला पाहिजे ना.

सरांनी मॅडमच्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, "मॅडम, आवडत नव्हतं तर मला सांगायचं होतं. सीझनमध्ये असं चोरून? तुमची बोटं बघा."

"ही बोटं एकोनीस वर्सं अशीच काळी हायेत," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या पप्पांनी कधी विचारलं नाय. तुला पयली रिबीन बदलायला ह्याच बोटांनी शिकवलं."

सर म्हणाले, "उद्यापासून नका येऊ."

मॅडम म्हणाल्या, "बरं, सर."

सर. मी दोन वर्षांत त्यांच्या तोंडून हर्षूच ऐकलंय. पोरांसमोर पण कधीकधी निसटायचं.

डबा घेतला, लाकडी पट्टी घेतली, भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर काढून गुंडाळलं. खिळा राहिला. चावी माझ्या हातात दिली, सरांच्या नाही. बोटांची शाई चावीला लागली होती.

माझी नोकरी वाचली. घरी श्रीखंड नेलं. ताई म्हणाली, कसलं? म्हटलं, असंच. मला फारसं खाववलं नाही.

टिक केली, मागे नेलं, कुलूप.

१६ मे, शुक्रवार

गायब.

मॅडमची चावी माझ्या खिशात आहे. रात्रभर उशीखाली होती.

सरांना अजून सांगितलं नाही. आल्या आल्या स्वतःच टिक करून टाकली. सर आले, जेली पाहिली, म्हणाले, "बघितलंस? सुटलो." मी म्हटलं, हो.

आता उरले सर. सरांची चावी सरांकडे. सर स्वतःच काढत असतील का? मॅडमना कामावरून काढायचं होतं, तोंडावर सांगवत नव्हतं, म्हणून माझ्याकडून काम करून घेतलं? आज मॅडमच्या जागेवर तीन नवीन कॉम्प्युटर लावायची मापं घेत होते. टेप माझ्याच हातात दिली होती.

सातच्या बॅचची नऊ पोरं जिन्यात बसून परत गेली. एक मुलगी रचना तेवढी मी येईपर्यंत थांबली होती, तिची परीक्षा आहे पुढच्या महिन्यात, मला म्हणाली, "मॅडम कधी येणार?" म्हटलं, आजारी आहेत.

संध्याकाळी मागे नेलं. सरांवर नजर ठेवली. ते माझ्या आधी गेले.

१७ मे, शनिवार

काल जाताना दाराला खाली चिकटपट्टी लावली होती, केसाएवढी. सकाळी तशीच. म्हणजे दार उघडलं नाही. खिडकीला ग्रिल.

टिक गायब.

दार बंद, चाव्या माझ्याकडे, सर घरी. आत कोणीच नव्हतं. मग कोण? मला देवाधर्माचं काही नाही, पण सरांच्या वडिलांचा फोटो एक नंबरच्या बरोबर वर आहे. आज त्यांच्याकडे बघून नमस्कार केला.

१८ मे, रविवार

घरी. म्हटलं पुरावा पुरावा करतोय, तर वाचून तरी बघू. पहिल्यापासून वाचली. टिक गेली त्या दिवसांवर पेनने गोल केले, आणि प्रत्येक गोलाच्या आदल्या संध्याकाळी काय काय झालं ते बाजूला.

मॅडम होत्या, नव्हत्या. सर आधी गेले, नंतर गेले. शाई होती, नव्हती. एकच गोष्ट सगळीकडे. आणि एकच दिवस नाही, हळदीचा. त्या दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, तसंच ठेवलं.

वही मिटली, परत उघडली.

नसेल. मागे नेतो ते आतलं. टिक बाहेरची आहे. टोपातली भाजी फेकली तर गॅस कसा बंद होईल?

१९ मे, सोमवार

दुपारी दीड ते अडीच क्लास बंद असतो. एकटा बसलो.

टिक केली. सेटिंग बंद करून परत उघडलं. आहे. आतलं मशीन चालू पण केलं नाही. 'कोरी पाटी'वर क्लिक केलं, मागे नेलं. सेटिंग उघडलं.

नाही.

पाटी सेव्ह केली तेव्हा आतलं बाहेरचं सगळं मिळून सेव्ह झालंय. टिक नव्हती तेव्हाचं. रविवारी सेव्ह केली, टिक मी बुधवारी केली. रोज सकाळी मी लावतो, रोज संध्याकाळी मीच काढतो, आणि रोज ह्या वहीत लिहून ठेवतो की मी काढली. कुलूप किती वाजता लावलं ते पण.

जेवलो नाही.

२० मे, मंगळवार

सांगितलं.

आधी वाटलं गप्प बसावं. नवीन पाटी टिकसकट सेव्ह करायची, संपलं, कोणाला कळणार. ती सेव्ह पण केली. मग रचना जिन्यात बसलेली दिसली, हातात प्रॅक्टिसचे कागद.

सर म्हणाले, "आता मॅडमसाठी नाटक? वाईट वाटलं ना? मग तेव्हा विचार करायचा."

मी म्हटलं, तुम्ही बसा. मी हात वर करून दारात उभा राहतो. जुन्या पाटीवर तुम्हीच करून बघा. सरांनी केलं. टिक गेली. परत केलं. परत गेली. तिसऱ्यांदा केलं तेव्हा चष्मा काढून पुसला.

"पाटी मी सेव्ह केली होती," म्हणाले. मला नाही, फोटोला म्हणाल्यासारखं. मग माझ्याकडे वळले. "आणि तुला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझाच खेळ. स्क्रीन उलटे करणारा पोरगा तू, तुला हे माहीत नव्हतं?"

आयुष्यात एवढ्या गमती केल्यात की मी बदमाश नाही, मूर्ख आहे, ह्याला माझ्याकडे दुसरा पुरावाच नाही. ही वही सोडून.

आणि ह्याच्यात काय काय आहे. टकलू आहे. सर चोर आहेत असं पण आहे. म्हातारी आहे.

देतोय. हे जाता जाता टेबलावर उभ्याने लिहितोय, सर हात पुढे करून बसलेत.

२३ मे, शुक्रवार

वही आज परत मिळाली.

लाल पेनने तपासलीय. अकरा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ. 'टकलू'ला गोल करून बाजूला, "मागे केस आहेत." सोळा तारखेला, मी त्यांच्यावर संशय घेतला तिथे, "मापं घ्यायला घाई झाली, हे खरं." पंधरा तारखेच्या पानावर काहीच नाही, फक्त खाली एक ओळ. "हे मॅडमना वाचून दाखव. सगळं. आपण दोघं जाऊ."

२५ मे, रविवार

पाचूबंदर. सर स्कूटर घेऊन क्रुसाजवळच थांबले, म्हणाले तू हो पुढे.

मॅडम ओट्यावर सुपात सुका जवळा निवडत बसल्या होत्या. शेजारी त्यांची वहिनी कमळी. मला बघून मॅडम म्हणाल्या, "चावी चालत नाय काय?"

मी म्हटलं, मॅडम, मला वाचायचंय. आणि उभ्यानेच सुरुवात केली. मान खाली, सुपातल्या जवळ्याकडे बघत. त्यांचा हात चालूच होता. टॉवेल आला तेव्हा थांबला. लिंबू आलं तेव्हा कमळीकाकू म्हणाल्या, "तुला अजून चक्कर येते? बोलली नाहीस कधी?" मॅडम म्हणाल्या, "वाचू दे त्याला."

चौदा तारखेला मी 'म्हातारी उद्या' एवढंच वाचून थांबलो.

"म्हातारी उद्या काय?" मॅडम म्हणाल्या. "पुढचं वाच."

"सापडते."

"हं."

शेवटपर्यंत वाचलं. लाल पेनचं पण. मागे केस आहेत इथे कमळीकाकू हसल्या, मॅडम नाही.

मग विचारलं, "तो कुठं हाय?"

"क्रुसाजवळ."

"उन्हात कशाला उभा. बोलव."

सर आले. ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. मॅडमनी आत जाऊन पाणी आणलं, त्यांना दिलं, मग मला. सरांनी ग्लास संपवला तरी हातात धरून ठेवला. म्हणाले, "मॅडम, एक नंबरचं तोंड भिंतीकडे केलंय. तुमच्या खुर्चीवरून दिसत नाही. सातची बॅच थांबलीय."

मॅडम जवळ्याकडे बघत होत्या. "पोरीची परीक्षा हाय. रचनाची. ती चाळीसच्या वर जात नाय, घाई करते." मग माझ्याकडे बोट. ते अजून जरा काळं होतं. "उद्यापासून हा सातला बसनार. माझ्या बॅचला."

मी म्हटलं, मला येतं टायपिंग.

सर म्हणाले, "बसेल."

२६ मे, सोमवार

सातला पाच कमी असताना पोचलो. मॅडमनी खिळ्याला कॅलेंडर लावलं, कॉम्प्युटरसमोरून मला उठवलं आणि कोपऱ्यातल्या टाइपरायटरवरचं कापड काढलं. माझ्याकडून नवीन रिबीन घालून घेतली. माझी दहाही बोटं काळी.

मग ही वही उघडून शेजारी ठेवली, बघून टाइप करायला. सहा मेपासून. रोज एक पान.

पहिल्या ओळीतच तीन चुका. मी विचारलं, मॅडम, ह्याच्यात चूक खोडायची कशी?

म्हणाल्या, "खोडायची नाय. दिसू दे. पुढं चल."